सालोंगोचं प्रेशर आणि तिसरीचा वर्ग

माझ्या तिसरीच्या वर्गात यंदा बेचाळीस मुलं आणि एक नवरा होता.

नवरा माझाच. बेस्वेरी किग्गुंडू. वय पासष्टच्या पुढे, आवाज असा की टेकडीवरच्या चर्चची घंटा लाजावी. आम्हाला जुळ्या मुली झाल्या तेव्हापासून सगळं गाव त्यांना सालोंगो म्हणतं, म्हणजे जुळ्यांचा बाप, आणि मी जुळ्यांची आई म्हणून नालोंगो. आमच्या मसाकाच्या बाजूला कुणाच्याही मुलीचं क्वांजुला ठरलं, म्हणजे मुलाकडची मंडळी पहिल्यांदा वाजतगाजत मुलीच्या दारी यायची झाली, की मुलीच्या बाजूनं बोलायला सालोंगोच हवेत. पाहुण्यांना तासभर मांडवाबाहेर ताटकळत ठेवायचं, त्यांनी आणलेल्या कोंबड्यांना नावं ठेवायची, त्यांच्या खापरपणजोबांचं कूळ उकरून काढायचं, आणि तरी सगळ्यांना हसवत हसवत आत घ्यायचं, ही त्यांची कला. बाकी कशात गती नाही. कॉफीच्या झाडांखालचं तणसुद्धा ते भाषण करून काढायला बघतात.

हा माणूस माझ्या वर्गात येऊन बसला त्याला कारण नर्स नाल्वेयिसो. पोरगी चांगली आहे. आमच्या आरोग्य केंद्रात ती एकटी डॉक्टर, एकटी नर्स आणि एकटी झाडूवाली. एका रविवारी चर्च सुटल्यावर तिनं सगळ्यांना थांबवून घेतलं आणि प्रेशरबद्दल सांगायला लागली.

"शहरातल्या मोठ्या लोकांनी अभ्यास केलाय," ती म्हणाली. "ज्यांचं शिक्षण कमी, त्यांना प्रेशरचा धोका जास्त."

पुढे ती बरंच बोलली. मीठ किती खावं, तपासणी का करावी, गोळी का सोडू नये. पण तेवढ्यात चहाची किटली आली आणि गाव उठलं. त्यामुळे गावानं ऐकलं ते एवढंच.

मग तिनं प्रेशर मोजायला घेतलं. सालोंगोंचा आकडा दोनशेच्या वर गेला. पोरीचा चेहरा उतरला.

"जाज्जा," म्हणजे आजोबा, "आजपासून गोळी सुरू करायची. रोज. डिसेंबरात मिरेंबेचं क्वांजुला आहे ना? असं प्रेशर घेऊन चार तास ओरडाल, तर मांडवातच पडाल."

मिरेंबे आमची नात, जुळ्यांपैकी थोरलीची मुलगी. तिच्या क्वांजुलाला बोलायचं म्हणून सालोंगो ती रांगत होती तेव्हापासून तयारी करताहेत.

गोळ्यांची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. तिथंच मला धास्ती बसली.

"मी गोळी घेणार नाही," ते उंबऱ्यातून म्हणाले. "लुबोवाचं काय झालं बघितलंस ना?"

लुबोवा म्हणजे मुलाकडून बोलणारा, सालोंगोंच्या तोडीस तोड. वर्षापूर्वी त्याचं तोंड वाकडं झालं, जीभ लुळी पडली. आता तो अंगणात बसून नुसता बघतो.

"अहो, त्यानं गोळ्या सोडल्या म्हणून झालं ते!"

"म्हणजे गोळ्या होत्याच ना घरात!"

"घरात होत्या. पोटात नव्हत्या!"

"नालोंगो, माझी जीभ गेली तर माझं राहतं काय? दोन गुडघे आणि तू." मग त्यांचे डोळे चमकले. "आणि गोळी हवीच कशाला? पोरगी काय म्हणाली? शिक्षण कमी म्हणून प्रेशर जास्त. मी शाळा सोडली दुसरीतून. रक्त कमी असलं तर रक्त चढवतात. शिक्षण कमी असेल तर शिक्षण चढवायचं!"

मी कपाळावर हात मारला. वाटलं, एका रात्रीत उतरेल हे खूळ. पण सोमवारी प्रार्थनेला मुलं उभी राहिली आणि रांगेच्या शेवटी शाळेचा गुलाबी सदरा आणि खाकी अर्धी चड्डी घालून माझा नवरा उभा. शिंप्यानं सांगितलं, त्या कापडात चार पोरं निघाली असती.

हेडमास्तर सेब्बोवा हा तसा शहाणा माणूस, पण पटसंख्येपुढे त्याचं शहाणपण चालत नाही. "प्राथमिक शिक्षण सगळ्यांना मोफत आहे, मॅडम," तो म्हणाला. "सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. दुसरी झालीये म्हणतात, मग तुमचाच वर्ग."

आता आमच्यात कितीही शिकलेली बाई असली तरी ती नवऱ्याला गुडघे टेकून नमस्कार करते, पाणी देते तेही गुडघे टेकून. आणि शाळेत मुलांनी उभं राहून टीचरला नमस्कार करायचा असतो. मग मी करायचं काय? पहिल्याच सकाळी मी वर्गात शिरले, मुलं उभी राहिली, ते बसूनच राहिले, आणि सवयीनं माझे गुडघे वाकले. बेचाळीस मुलं बघतच राहिली. त्यांच्यापैकी निम्म्यांनी माझं बघून गुडघे टेकले, कारण टीचर जे करते ते करायचं असंच मी शिकवलेलं.

कुळातली वडीलधारी मंडळी बसली. संध्याकाळपर्यंत खल झाला. एक म्हातारा म्हणाला, घटस्फोट घ्या आणि तिसरी झाल्यावर पुन्हा लग्न करा. शेवटी तोडगा निघाला तो शाळेच्या फाटकाजवळच्या आंब्याचा. आंब्याच्या आत मी टीचर, आंब्याच्या बाहेर मी बायको. त्यामुळे रोज सकाळी आंब्यापर्यंत त्यांची छत्री मी धरायची आणि तिथून पुढे माझी पिशवी त्यांनी. आत "किग्गुंडू, सरळ बस", बाहेर "अहो, जपून, दगड आहे." कधी कधी माझ्या तोंडात उलटसुलट व्हायचं. घरी एकदा मी त्यांना हात पुढे कर म्हणाले आणि त्यांनी केला.

शिकणं मात्र कसलं होतंय! वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलीनं आधी म्हाताऱ्या माणसाला नमस्कार करायचा, ही घरची शिकवण. आणि सालोंगो काही नुसतं "बरंय" म्हणून सोडणारे नाहीत.

"काल दिवस कसा गेला, पोरी?"

"बरा गेला, जाज्जा."

"म्म्म. घरचे कसे आहेत?"

"बरे आहेत, जाज्जा."

"म्म्म. आणि तुमची ती तांबडी गाय? व्यायली?"

हजेरी संपेपर्यंत मधली सुट्टी व्हायची. गणिताच्या तासाला मी विचारलं, एका घडात साठ केळी, सात जणांनी प्रत्येकी चार खाल्ली, राहिली किती? सालोंगो हात वर करून उभे राहिले. "टीचर, घड कुणाकडून आला आणि कुणाच्या दारी जातोय ते आधी कळू दे. उपटसुंभ घड आम्ही आत घेत नाही." वर्ग खो खो हसला. मी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग ते भिंतीशी बोलायला लागले.

दर शुक्रवारी ते नाल्वेयिसोकडे प्रेशर मोजायला जायचे. ती पोरगी संस्कारांची. बाहेर ही रांग, म्हणून ती एकीकडे गुडघे टेकून नमस्कार करायची आणि एकीकडे दंडाला पट्टी बांधून यंत्र सुरू करायची. यंत्र घुर्र करायचं आणि सालोंगो तिचं अख्खं कूळ विचारायचे, चुलत मामांसकट. आकडा दोनशेच्या खाली यायला तयार नाही. शेजारी हेडमास्तर सेब्बोवा बसायचा, "हाय सिस्टर" म्हणायचा आणि मोबाईल बघत राहायचा. त्याचा आकडा एकशे वीस. सालोंगो दोन्ही आकडे ऐकून मान डोलवायचे. "बघितलंस? तो पदवीधर. माझी तिसरीही धड झाली नाही अजून."

हे गावात पसरायला कितीसा वेळ लागणार? महिन्याभरात माझ्या वर्गात आणखी पाच म्हातारे आणि एक तान्ह्या नातवाला घेऊन येणारी आजी. गावप्रमुख आला आणि म्हणाला, मी पाचवी नापास आहे, तर माझा वरचा आकडा पाचवीपर्यंतचा धरायचा की चौथीपर्यंतचा? कुणीतरी शोध लावला की वरचा आकडा म्हणजे जे शिकायचं राहिलं ते, आणि खालचा म्हणजे शिकून विसरलं ते. म्हातारे मधल्या सुट्टीत आकड्यांवरून भांडायला लागले. आजीचा खालचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला तेव्हा ती नाक वर करून म्हणाली, "विसरायला आधी शिकलेलं लागतं."

मी रोज आरोग्याचा तास घेत होते. रोज पुडी टेबलावर ठेवत होते.

"किग्गुंडू, इकडे ये. गोळी घे."

"टीचर, हे तिसरीच्या अभ्यासक्रमात नाही."

आंब्याच्या बाहेर मी काही म्हणूच शकत नव्हते. बायकोनं नवऱ्याला औषधावरून धारेवर धरायचं हे आमच्याकडे चालत नाही. मी फक्त मिठाची बरणी लपवली. त्यांनी शेजारच्या घरून मीठ आणलं. मग मी शेजारणीची बरणी लपवली. तिच्याशी माझं अजून नीट बोलणं नाही.

नोव्हेंबर संपता संपता परीक्षा आली. केंद्रात कुणी फिरकेना, कारण सगळे पेशंट शाळेत, म्हणून नाल्वेयिसो यंत्र घेऊन शाळेतच आली. वर्गात पेपर सुरू होता. ती दारातच गुडघे टेकायला लागली तशी मी ओरडले, "परीक्षा चालू आहे! नमस्कार नाही, बोलणं नाही, कुणाकडे बघणंसुद्धा नाही!" मी परीक्षेला उभी असले की माझ्यापुढे पालही चुकचुकत नाही. ती बिचारी पाय न वाजवता बाकाबाकाशी गेली. सालोंगो मान खाली घालून लिहीत होते. तिनं हळूच डाव्या दंडाला पट्टी बांधली. मला त्यांची जीभ हलताना दिसली. मी हातातली फूटपट्टी उगारली. जीभ थांबली.

यंत्रावर आकडा आला. एकशे अडुसष्ट.

नाल्वेयिसोनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. घंटा होताच गाव आत घुसलं आणि सालोंगोंना खांद्यावर उचलून मैदानात नाचलं. "तिसरीनं चाळीस उतरवलं, सातवीपर्यंत शून्य होईल!" असं कुणीतरी ओरडलं.

"शून्य झालं तर माणूस मेलेला असतो!" नाल्वेयिसो किंचाळली. ढोलाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

तिला मी रिकाम्या वर्गात ओढून घेतलं. "काय झालं हे? खरं सांग."

ती बाकावर बसली, डोक्याला हात लावून. "टीचर, पट्टी बांधल्यावर माणसानं बोलायचं नसतं. बोललं की आकडा चढतो. मला शिकवलं होतं हे. पण नमस्कार केल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला हात कसा लावायचा? माझ्या आईनं मला जिवंत सोडलं नसतं. आणि सालोंगो एकदा सुरू झाले की..."

"म्हणजे त्यांना काही झालेलंच नाही?"

"झालंय ना! गप्प बसूनसुद्धा एकशे अडुसष्ट म्हणजे काय थोडं आहे? आणि मांडवात काय ते गप्प बसणार आहेत?"

"आणि तो शहरातला अभ्यास?"

"तो आपल्या गावात नाही झाला, म्हणजे आकडे तरी नीट मोजलेले. तो खराच आहे. कमी शिकलेल्या माणसाला तपासणीचं महत्त्व कुणी सांगितलेलं नसतं, गोळीची भीती कुणी काढलेली नसते. म्हणून तो मरतो. तिसरीत बसला नाही म्हणून नाही मरत."

मी सातवीच्या पुढे शिकून टीचर झाले. गावातली मुलं मला घाबरतात, हेडमास्तर मला घाबरतो. आणि घरी मी मूग गिळून बरण्या लपवत बसले होते. मला माझाच असा राग आला की वर्गातला खडू मी हातातल्या हातात मोडला.

निकाल मी लावला. सालोंगोंच्या उत्तरपत्रिकेचं पहिलं पान परीक्षकाला नमस्कार करण्यात गेलं होतं, दुसरं परीक्षकाच्या घरच्यांची विचारपूस करण्यात. परीक्षकाच्या घरचे म्हणजे ते स्वतःच. तिसऱ्या पानावर वेळ संपली. मी लाल शाईनं नापास लिहिलं.

"नापास?" ते वर्गातच ओरडले. "नवऱ्याला?"

"विद्यार्थ्याला," मी म्हणाले. "खाली बस."

घरी ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. तसं म्हणजे भिंतीशी बोलायचे, मला ऐकू येईल असं. "काही बायका नवऱ्याचं प्रेशर मुद्दाम वाढवतात. असो. आपलं एकशे अडुसष्ट झालंय. आपण बरे झालो." मग शाळेला सुट्टी लागली. फाटकाला कुलूप. आता आंब्याच्या आत जायला जागाच नव्हती. चोवीस तास मी बायकोच.

क्वांजुलाचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, मागच्या बाजूला केळीच्या पानांत मटोके, म्हणजे कच्ची केळी, शिजतंय, कोंबड्यांची धावपळ, आणि मुली मिरेंबेच्या भोवती. सालोंगो आतल्या खोलीत नवा पांढरा पायघोळ कांझू घालून, वर काळा कोट चढवून उभे होते. कपाळाची शीर मला दारातूनही उडताना दिसली. ते घसा खाकरत होते.

मी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आत गेले. दार लावून घेतलं.

मी गुडघे टेकले नाहीत.

त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्यांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिले ती पहिल्यांदा.

"शाळेला सुट्टी आहे," ते म्हणाले.

"मी टीचर म्हणून नाही आले. मला विधवा व्हायचं नाही, सालोंगो. मला तुमची भीती वाटत नाही, मला तुमच्या मरणाची भीती वाटते. रोज वाटते. तुम्ही झोपलात की मी श्वास ऐकत बसते. मला हे नाही सोसवत आता."

बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. पाहुणे आले होते. ते दाराकडे वळतील असं मला वाटलं. ते वळले नाहीत.

"जीभ जाईल," ते अगदी हळू म्हणाले. एवढा हळू आवाज त्यांच्याकडे असेल असं मला माहीतही नव्हतं. "आजच्या दिवशी जाईल. मिरेंबेच्या दिवशी."

"नाही जाणार."

"तू पाहिलंयस? लुबोवाकडे बघून मला रोज वाटतं..." ते थांबले. त्यांना खरंच वाटत होतं की ही गोळी घशाखाली गेली की आपलं बोलणं संपलं. आणि तरी त्यांनी माझ्या तळहातावरून ती उचलली, तोंडात टाकली, पाणी प्यायले, आणि तोंड उघडून मला जीभ दाखवली. जंताची गोळी घेतलेली पोरं दाखवतात तशी.

मग ते मांडवात गेले. मी मागोमाग.

पहिलं वाक्य ते घाबरत घाबरत बोलले आणि थांबले. जीभ आहे का बघत होते. होती. दुसरं वाक्य बोलले, पुन्हा थांबले. सगळा मांडव कान टवकारून. आमच्या मागे बसलेला गावप्रमुख कौतुकानं कुजबुजला, "बघा, शिकला की माणूस कसा तोलून मापून बोलतो." हेडमास्तर सेब्बोवानं छाती फुगवली. हळूहळू थांबणं कमी झालं. मग पाहुण्यांच्या कोंबड्या निघाल्या, खापरपणजोबा निघाले, नवऱ्या मुलाचे कान कुठल्या कुळातले याची चौकशी झाली, आणि मांडव हसून हसून लोळायला लागला. मी मात्र हसत नव्हते. मी त्यांच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर नजर ठेवून बसले होते, एकही वाकडा होतोय का म्हणून.

शेवटी घरच्यांची ओळख करून द्यायची वेळ आली. मिरेंबेचे आईबाप झाले, आत्या झाल्या, मावशी झाली. मग ते माझ्याकडे वळले.

"ही मिरेंबेची आजी," ते म्हणाले. "माझी नालोंगो. हिनं मला तिसरीत नापास केलंय."

पाहुणे हसून बेजार.

"आज सकाळी हिनं माझ्याकडे माझी जीभ मागितली," ते म्हणाले. "मी दिली. मला वाटलं होतं, गेली. पण मला जीभ आणि ही दोन्ही ठेवता येणार नाहीत असं झालं, तर मी हिला ठेवीन. म्हणून दिली."

पाहुणे पुन्हा हसले. त्यांना तोही विनोदच वाटला. मी माझ्या नव्या गोमेसीच्या, म्हणजे आमच्या सणासुदीच्या पायघोळ झग्याच्या, बाहीत तोंड खुपसून हमसाहमशी रडले. मुलाकडच्या लोकांना वाटलं, आजी नातीच्या विरहानं रडतेय, म्हणून त्यांनी आणलेल्या साखरेच्या पोत्यांवर आणखी एक पोतं आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, रडू नका आजी, आम्ही तिला फुलासारखी जपू. मी त्यांना काय सांगणार? सांगायला तोंड उघडलं, पण मला मधे बोलूच दिलं नाही. माझा नवरा अजून बोलत होता.